सैल झाकणाची बरणी

मी एक जुनी बरणी आहे. काचेची, पोटाने गोल, मानेला आटे आणि डोक्यावर पत्र्याचं हिरवं झाकण. नीट पाहिलंत तर झाकणाच्या कडेवरून माझ्या मानेवर उतरलेली एक लाल रेघ तुम्हाला दिसेल. आता ती पुसट झाली आहे. पाहुण्यांना वाटतं, कुठला तरी रंग सांडला असावा. कोणी तर ओलं फडकं घेऊन ती पुसायलाही जातं. मित्रांनो, ती रेघ अजून टिकून आहे याचा मला फार आनंद वाटतो. तिच्यामुळे एक अख्खं कुटुंब चुकीच्या शहरात राहायला जाता जाता थांबलं.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी निखाऱ्यासारखी लाल होते. काच घाईने थंड केली तर तडकते, म्हणून आम्हा बरण्यांना एका लांबलचक बोगद्यातून हळूहळू निववत आणतात. तेव्हा मला त्या संथपणाचा कंटाळा आला होता. सावकाश निवण्यातही काही अर्थ असतो, हे मला पुढे एका बाईच्या बोटांकडे बघून कळलं.

त्या बाईला मी आई म्हणेन, कारण घरात तिला तशीच हाक यायची. तिच्या लग्नात तिच्या थोरल्या नणंदेने मला भेट दिलं. म्हणाली, "हिच्यात साखर ठेव. आणि हा माझा भाऊ फार गोड बोलायला लागला की समज, काहीतरी मोडून आलाय." तो भाऊ म्हणजे बाबा. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. पुढे त्यांना एक मुलगी झाली. ती इतकी गोल आणि इतकी गडगडणारी, की तिचं नाव गोटी पडलं. मला तर ती माझ्याच काचेची वाटायची. आणि त्या भेट देणाऱ्या नणंदेला मग सगळं घरच आत्या म्हणू लागलं. ती खालच्या मजल्यावर राहायची आणि जिन्यातूनच बोलायला सुरुवात करायची.

आमचं गाव समुद्राकाठचं. हवा एवढी दमट, की सकाळी काढलेली बिस्किटं दुपारपर्यंत मऊ पडायची. आई एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. फ्रेममध्ये काचा बसवायची, तिळाएवढे स्क्रू पिळायची. तिची बोटं म्हणजे दुकानाचं भूषण, असं मालक म्हणायचे. रोज सकाळी ती एका हाताने चहाचं भांडं धरायची आणि दुसऱ्या हाताने माझं झाकण फिरवायची. टक्! घराची सकाळ त्या आवाजाने व्हायची. मग गोटी डोळे चोळत यायची, चिमूटभर साखर तोंडात टाकायची आणि कोणी पाहिलंच नाही असं समजून निघून जायची. ते दिवस आठवले, की रिकामी असले तरी मला भरल्यासारखं वाटतं.

मग आईची बोटं सकाळी आखडू लागली. आधी तिला वाटलं, झोपेत हात अंगाखाली आला असेल. पुढे पेरं सुजली. दुकानात स्क्रू हातातून पडू लागले. आणि एका सकाळी तिने माझं झाकण धरलं, पिळलं, पुन्हा पिळलं, फडकं गुंडाळून पिळलं. ते काही हललं नाही. तिने मला ओट्यावर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "तूसुद्धा का गं?"

मित्रांनो, मला हात असते तर मीच माझं झाकण उघडून तिच्या हातात दिलं असतं.

सांध्यांच्या डॉक्टर दूरच्या शहरात होत्या. बसने अर्धा दिवस जायचा. तिथून परत आल्यावर आईने चहा पिता पिता आत्याला सगळं सांगितलं, म्हणून मला कळलं. हा एका प्रकारचा संधिवात होता, आणि तो म्हातारपणाची वाट बघत नाही. तो कायमचा मुक्कामाला आला होता. गोळ्या रोज घ्यायच्या, रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "औषध सोडायचं नाही आणि तपासणी चुकवायची नाही. त्यासाठी डॉक्टर जवळ असतील अशा ठिकाणी राहता आलं तर उत्तम. हवा बदलून काहींना बरं वाटतं, काहींना काडीचा फरक पडत नाही."

पण बसमधून घरी येईपर्यंत दोघांच्या डोक्यात त्यातली फक्त हवा उरली होती.

"मी म्हणतच होते," आत्या म्हणाली. "या गावच्या हवेत लोखंड गंजतं, तिथे माणसाचं काय!"

बाबांच्या कंपनीच्या आणखी तीन शहरांत शाखा होत्या. साहेब म्हणाले, तिन्हीपैकी कुठलीही घ्या, पण एकदाच काय ते ठरवा. पुन्हा पुन्हा बदली मिळणार नाही. मग दोघांनी साठवलेली सगळी सुट्टी काढली आणि तिन्ही शहरांत थोडे थोडे दिवस राहून बघायचं ठरवलं. पण बघायचं म्हणजे काय बघायचं? बरं वाटतंय की नाही, हे ठरवायचं कशावरून?

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्यावरून. ज्या शहरात सकाळी मला हिचं झाकण उघडता येईल, ते आपलं शहर."

बाबांना ही कल्पना भलतीच आवडली. त्यांच्या कामात एक पद्धत असते. नट आवळला, की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्यांनी माझं झाकण आवळलं, कामाच्या पिशवीतून लाल रंग काढला आणि झाकणापासून माझ्या मानेपर्यंत एक रेघ ओढली. "रोज संध्याकाळी मी रेघेला रेघ जुळवून झाकण लावणार. म्हणजे सगळीकडे सारखंच घट्ट. उगाच या शहराला झुकतं माप नको, की त्या शहराला नको."

"अरे, बायकोला बरं वाटतंय का ते बायकोला विचारतात," आत्या म्हणाली. "बरणीला नाही."

बाबा हसले. मला त्यांच्या लोकरी स्वेटरात गुंडाळलं गेलं आणि आम्ही निघालो.

पहिलं शहर डोंगरावरचं. खिडकीतून ढग आत डोकवायचे, आणि खोलीत शिरायला दगडी पायऱ्याच पायऱ्या. पहिल्या सकाळी झाकण उघडलं नाही. आई म्हणाली, "प्रवासाचा शीण असेल." दुसऱ्या सकाळी तिने आधी वाफेवर हात शेकले. तरी नाही. शेवटच्या सकाळी सगळे झोपलेत असं समजून तिने मला पोटाशी धरलं, खिडकीकडे तोंड केलं आणि ती आवाज न करता रडली. माझी काच थंडगार होती, तिचे तळहात कढत होते. आणि दारात गोटी उभी होती. ती पुढे आली नाही. आली तशी मागे फिरून पांघरुणात शिरली.

दुसरं शहर सपाट आणि कोरडं. आभाळ कसं धुतल्यासारखं. एका टोकाचे कपडे वाळत घालून होईपर्यंत दुसऱ्या टोकाचे वाळलेले. तिथल्या पहिल्याच सकाळी, उजाडत होतं तेव्हा, गोटी एकटीच स्वयंपाकघरात आली. स्टूल ओढून तिने मला खाली घेतलं, मांडीत घट्ट धरलं आणि दोन्ही हातांनी झाकण पिळू लागली. जीभ बाहेर, गाल लाल. बऱ्याच वेळाने ते हललं. तिने एक बोट साखरेत बुडवून चाटलं, मग झाकण हलकेच परत फिरवलं, पण रेघेपर्यंत आणलं नाही. अलीकडेच सोडलं. आणि मला जागेवर ठेवून ती पळाली.

थोड्या वेळाने आई आली. श्वास रोखून तिने झाकणाला हात लावला.

टक्.

"अहो! अहो, उठा! उघडलं!"

बाबा तोंडात ब्रश तसाच घेऊन धावत आले. आईने झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. ते आधीच सैल झालेलं, मग उघडणार नाही तर काय! पण इतक्या दिवसांनी ती खळखळून हसत होती. दारामागून गोटी ते हसणं बघत होती, आणि तिचा चेहरा बघून कोणालाही वाटलं असतं, की हिला आज खजिना सापडला.

बाबांनी लगेच आत्याला फोन लावला. पलीकडून तिचा आवाज मलाही ऐकू आला. "म्हणजे तिथे उघडतं आणि इथे उघडत नाही? बरणीच नखरेल दिसतेय."

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. मला खरं काय ते माहीत होतं, पण बरणीला तोंड असलं तरी बोलता येत नाही. आईने आनंदाच्या भरात अंथरुणावरच्या चादरी हाताने धुवून काढल्या. संध्याकाळी तिचं मनगट सुजलं.

"बोटं तर तशीच ठणकतायत हो," ती म्हणाली.

"अगं, आतून बरं होत असेल," बाबा म्हणाले. "बाहेर कळायला वेळ लागतो."

"असेलही. नाहीतर झाकण कसं उघडलं असतं? झाकण खोटं कशाला बोलेल?"

त्या शहरात सांध्यांचे डॉक्टर नव्हते. महिन्यातून एकदा कोणीतरी बाहेरगावहून यायचे, तेही जमलं तर. पण आता त्याचं कोणाला काही वाटेना. बाबा तर म्हणू लागले, इथे हवाच डॉक्टर आहे. आणि आई म्हणाली, "इथे राहायला आलो की गोळ्याही हळूहळू सोडून देता येतील." तेव्हा, मित्रांनो, माझ्या काचेतून भीतीची एक शिरशिरी गेली. ज्या गोळ्यांनी तिचे सांधे वाचायचे होते, त्या माझ्या झाकणाच्या साक्षीवर सुटणार होत्या.

तिथल्या शेवटच्या सकाळी बाबांचं ठरलं होतं, की कचेरी उघडली की साहेबांना कळवायचं. हेच शहर. चहाला आधण ठेवून आई माझ्याकडे वळली आणि ओरडली, "अगं बाई, मुंग्या!"

खिडकीच्या चौकटीतून एक काळी रांग निघाली होती. भिंतीवरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पोटावर, आणि तिथून सरळ झाकणाखाली.

"शक्यच नाही," बाबा म्हणाले. "मी आवळलेलं झाकण आहे ते. त्यातून हवा जायची नाही, मुंगी कुठली जाते!" त्यांनी मला उचलून खिडकीशी नेलं आणि फुंकर मारून मुंग्या उडवल्या. मग त्यांनी मला उजेडात तिरकं धरलं. लाल रेघ तुटली होती. झाकणावरचा तुकडा एकीकडे, मानेवरचा दुसरीकडे. मध्ये चांगलं बोटभर अंतर. "तू आज झाकणाला हात लावलास?"

"अजून नाही."

"मग हे कोणी फिरवलं?"

"मुंग्यांनी फिरवलं असेल," दारातून गोटी म्हणाली.

"हो ना. येताना पाना घेऊन आल्या असतील."

पण कोणी हसलं नाही. गोटीने एक हात पाठीमागे लपवला होता.

"गोटी," आई म्हणाली, "काल पण तूच?"

गोटीने मान हलवली.

"परवा? रोज?"

"रोज."

"का गं?"

"तू त्या डोंगरावर रडलीस ना. मला नुसती तुझी पाठ दिसली, तरी कळलं. मला तशी सकाळ परत नको होती."

बाबांचा आवाज चढला. "अगं, पण तुला कळतंय का काय झालं असतं? आत्ता फोन करून मी साहेबांना..."

"तिला ओरडू नका," आई म्हणाली. ती तिथेच फरशीवर बसली होती आणि स्वतःच्या हातांकडे बघत होती. चहाचं पाणी आटत होतं, कोणाचं लक्ष नव्हतं. "मला वाटलं होतं, मी बरी होतेय," ती म्हणाली. हे ती कोणालाच उद्देशून म्हणाली नाही. मग तिने बोटं उघडून मिटून पाहिली आणि म्हणाली, "तिने नुसतं झाकण सैल केलं. हात तर माझेच होते. ते दुखतंय म्हणून सांगत होते, आणि मी त्यांचं सोडून बरणीचं ऐकत बसले."

तिने गोटीला जवळ ओढलं. "हे बोट धर. दाबू नकोस. नुसतं धर."

"गरम आहे."

"सकाळी असंच असतं. ऊन वर आलं की हळूहळू निवतं."

"मग तू सांगत का नाहीस?"

"तुला काळजी नको म्हणून."

"मीपण त्यासाठीच सांगितलं नाही," गोटी म्हणाली. तेव्हा मात्र आईला हसू आलं, रडता रडताच.

"बरं बाई. उद्यापासून तू विचारायचंस आणि मी सांगायचं. आणि झाकण सैल करायचं तर खुशाल कर. पण सांगून कर."

साहेबांना फोन गेलाच नाही. आम्ही तिसऱ्या शहरात गेलो. ते नदीकाठचं, गजबजलेलं, भोंग्यांचं शहर. तिथे बाबांनी रेघ न बघताच झाकण आवळलं, परीक्षा संपली होती. बिस्किटं दुपारपर्यंत मऊ पडली, तेव्हा आई म्हणाली, "चला, घरी आल्यासारखं वाटलं!" हवा तशीच दमट होती. पण सांध्यांचं मोठं हॉस्पिटल चार पावलांवर होतं. बघितलेल्या घराला लिफ्ट होती. बाबा म्हणाले, "बंद पडली तर दुरुस्त करणारा घरचाच. फक्त चहा द्यावा लागेल." आणि कोपऱ्यावर चष्म्याचं एक दुकान होतं. आईने मालकांना आधीच सांगून टाकलं, की सकाळी माझी बोटं चालत नाहीत, मला उशिरा यावं लागेल. म्हातारे मालक म्हणाले, "या की सावकाश. आमची गिऱ्हाइकं दुपारच्या आत येत नाहीत. सकाळभर घरात चष्माच शोधत असतात."

ते शहर ठरलं. आईला झाकण तिथेही उघडता आलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते.

जुनं घर सोडताना आत्या जिन्यात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला जिन्यात बोलायला सुचत नव्हतं. शेवटी म्हणाली, "हवा इथल्यासारखीच निवडलीत, मग इथे काय वाईट होतं?"

"काहीच नाही, ताई," आई म्हणाली. "हवा इथली आहे. डॉक्टर तिथले आहेत."

आत्याने मला हातात घेतलं. स्वच्छच होते मी, तरी हाताने पुसत राहिली. मग घरात जाऊन कडा उडालेली एक निळी ताटली घेऊन आली. "हिच्यात पाणी घालायचं आणि बरणी त्यात उभी करायची. मुंगी फिरकणार नाही. मग झाकण आवळायचंच कशाला? नुसतं टेकवून ठेवा. एवढी साधी गोष्ट, त्यासाठी तीन शहरं फिरून आलात!" आणि तोंड फिरवून ती घरात गेली. तोवर मला पुन्हा स्वेटरात गुंडाळलं होतं, तरी तिचं दार लागल्याचा आवाज मला ऐकू आला. तो अजून येतो कधी कधी.

नव्या घरात मी निळ्या ताटलीत, पाण्याच्या मधोमध उभी राहिले. झाकण नुसतं टेकवलेलं. ते सैल आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. टक् हा आवाज संपला. त्याच्याऐवजी घराची सकाळ गोटीच्या प्रश्नाने होऊ लागली. "आई, आज बोटं काय म्हणतायत?"

कधी उत्तर यायचं, "कुरकुरतायत." कधी, "आज गुणी आहेत." आणि कधी, "संपावर गेलीत." संप असला की गोटी चहा करायची, बाबा आईची वेणी घालायचे. ती वेणी बघून दुकानातले मालक म्हणायचे, "आज लिफ्टवाल्यांनी केस आवळलेले दिसतात." आजार गेला नाही. औषधांनी तो काबूत राहिला, मधूनच डोकं वर काढायचा. आईची दोन बोटं थोडी वाकली. पण आई स्क्रू पिळत राहिली, दुपारच्या उन्हात, सावकाश.

वर्षं गेली. बटण दाबलं की उघडणारे हलके डबे बाजारात आले. ते आईला सोयीचे होते, म्हणून मला राग आला नाही. वाईट मात्र वाटलं. मला माळ्यावर ठेवलं गेलं. ताटली कुंडीखाली गेली. माझ्यावर धूळ बसली. खालून रोज तो प्रश्न ऐकू यायचा, तेवढाच काय तो विरंगुळा. मग गोटीचं शिक्षण संपलं, तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, आणि आता तो प्रश्नही बंद होणार होता.

ती नव्या शहरात राहायला जायची होती, त्याच्या आदल्या दिवशी शिडी लावून वर आली. खालून आई विचारत होती, "हवा कशी आहे गं तिथली?"

"कुणास ठाऊक! घर तळमजल्यावर आहे, दारापर्यंत रिक्षा येते. तू यायचं म्हटलंस की झालं." आणि धुळीत हात घालून तिने मला बाहेर काढलं. "सापडली!"

आता मी गोटीच्या ओट्यावर असते. इथे मुंग्या नाहीत. तरी तिने कुंडीखालची ती ताटली मागून आणली, धुतली, तिच्यात पाणी घातलं आणि मला साखरेने भरून उभं केलं. काल आई इथे पहिल्यांदा राहायला आली. केस पांढरे, बोटं वाकडी, चाल बेताची. आज सकाळी ती उठून आधी ओट्याशी आली. तिने ताटलीकडे पाहिलं, पुसट रेघेवरून बोट फिरवलं, आणि दोन बोटांनी झाकण अलगद उचललं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाला काही उघडत नसेल, उचलत नसेल, झेपत नसेल. त्यांच्यासाठी गुपचूप झाकण सैल करू नका. जवळ बसा, विचारा, त्यांचं बोट हलकेच धरून बघा. मग सगळ्यांच्या देखत झाकण सैल ठेवा. आणि जमलं तर माळ्यावर माझ्यासारखी कोणी पडली असेल, तिची धूळ एकदा पुसा.

एवढं सांगून थांबते, कारण आतल्या खोलीतून हाक आली आहे. "आई, आज बोटं काय म्हणतायत?"

"चहा मागतायत," आई म्हणाली, आणि तिने माझ्यात चमचा बुडवला.